ऐन वेळी हात का आखडतो?

३ जुलै १९९३. विंबल्डनच्या मध्यवर्ती कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना रंगात आला होता. एका बाजूला जर्मनीची स्टेफी ग्राफ, दुसऱ्या बाजूला चेक प्रजासत्ताकाची याना नोव्होत्ना. पहिला सेट ग्राफने टायब्रेकवर जिंकला होता. दुसरा नोव्होत्नाने ६-१ असा सहज घेतला होता. तिसऱ्या, म्हणजे निर्णायक सेटमध्ये नोव्होत्ना ४-१ अशी पुढे होती. सर्व्हिस तिचीच होती आणि गुणफलक ४०-३० असा होता. आणखी एक गुण मिळाला की ५-१. मग विजेतेपद जवळजवळ हातात आलेच म्हणायचे.

नोव्होत्नाची पहिली सर्व्हिस चुकली. दुसरीही चुकली. त्या एका डबल फॉल्टनंतर तो गेम तिच्या हातून गेला. पुढचा गेला, त्याच्या पुढचाही गेला. ग्राफने सलग पाच गेम जिंकून सेट ६-४ असा खिशात घातला. बक्षीस समारंभात केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके ठेवून रडणारी नोव्होत्ना साऱ्या जगाने दूरदर्शनवर पाहिली.

हातातोंडाशी आलेला घास असा का जातो? अर्ध्या तासापूर्वी जी खेळाडू तोच फटका बिनचूक मारत होती, तिला तो एकाएकी का जमू नये? तिचे स्नायू तेच, रॅकेट तीच, कोर्टही तेच. आपल्याकडे अशा प्रसंगासाठी ‘ऐन वेळी कच खाणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. पण वाक्प्रचार म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. त्या क्षणी नोव्होत्नाच्या मनात काय चालले होते, हे बाहेरून कोणालाच सांगता येणार नाही. मात्र अशा प्रसंगी माणसाच्या शरीरात आणि मेंदूत सर्वसाधारणपणे काय घडते, याविषयी गेल्या शंभर वर्षांत बरीच माहिती जमा झाली आहे. ती आपण या लेखात पाहू. परीक्षेच्या दालनात किंवा तोंडी परीक्षेत आपले विद्यार्थी ज्या अनुभवातून जातात, त्याच्याशी या माहितीचे जवळचे नाते आहे.

टेनिसच कशाला?

मनावरचा ताण सगळ्याच खेळांत असतो. परंतु टेनिसची रचना अशी आहे की तो ताण तेथे उघडा पडतो. पहिली गोष्ट म्हणजे या खेळाला घड्याळ नाही. फुटबॉलमध्ये दोन गोलांची आघाडी असलेला संघ चेंडू इकडेतिकडे फिरवून वेळ काढू शकतो. टेनिसमध्ये शेवटचा गुण स्वतः मिळवावाच लागतो; तोपर्यंत कितीही मोठी आघाडी सुरक्षित नसते. दुसरी गोष्ट म्हणजे एकेरीत खेळाडू अगदी एकटा असतो. कर्णधार नाही, सहकारी नाही, बदली खेळाडू नाही. प्रशिक्षकाला बाहेरून सूचना देण्याची मुभादेखील खेळाच्या मूळ नियमांत २०२५ पासून आली.

तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. तीन तास चाललेल्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ एकूण वेळेच्या साधारण पाव भाग, किंबहुना त्याहूनही कमी. उरलेला सारा वेळ दोन गुणांच्या मधला आणि बाजू बदलतानाचा. आजच्या नियमानुसार दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद आणि बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. या वेळात हात रिकामे असतात, पण मन रिकामे नसते. मघाशी चुकलेला फटका आठवायला आणि पुढच्या गुणाची धास्ती घ्यायला २५ सेकंद भरपूर झाले.

सगळे गुण सारखे नसतात

चौथे कारण गणिताचे आहे आणि ते थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे. टेनिसमध्ये गुणांचा गेम, गेमचा सेट आणि सेटचा सामना होतो. गेम जिंकण्यासाठी किमान चार गुण हवेत आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा दोन गुण जास्त हवेत. पहिल्या तीन गुणांना अनुक्रमे १५, ३० आणि ४० म्हणण्याची जुनी पद्धत आहे. दोघेही ४० वर आले की ‘ड्यूस’ होतो आणि तेथून सलग दोन गुण मिळवावे लागतात.

समजा, सर्व्हिस करणारी खेळाडू शंभरपैकी सरासरी ६० गुण जिंकते. संभाव्यतेचे साधे नियम लावले तर ड्यूसपासून तो गेम तिने जिंकण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के येते. सुरुवातीपासून, म्हणजे ०-० पासून, ती ७४ टक्के असते. आता गुणफलक ४०-० असताना काय होते ते पाहा. पुढचा गुण जिंकला तर गेम संपला, म्हणजे शक्यता १०० टक्के. हरला तर ४०-१५ होते आणि तेथूनही गेम जिंकण्याची शक्यता ९५ टक्के राहते. म्हणजे त्या एका गुणाने फक्त पाच टक्क्यांचा फरक पडतो. याउलट ३०-४० असताना गुण हरला तर गेम गेला, म्हणजे शून्य. जिंकला तर ड्यूस, म्हणजे ६९ टक्के. येथे एका गुणाचे मोल ६९ टक्के! दोन्ही वेळा चेंडू तोच आणि जाळीही तेवढीच उंच. पण एका गुणाचे वजन दुसऱ्याच्या जवळजवळ चौदापट आहे. खेळाडू हे गणित कागदावर मांडत नाही, परंतु त्याला ते अंगवळणी पडलेले असते. म्हणूनच ३०-४० ला घशाला कोरड पडते.

या रचनेचा आणखी एक परिणाम होतो. रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात स्वतःचाच हिशेब सांगितला. कारकिर्दीतील १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याने जिंकले. पण त्या सामन्यांतले गुण मात्र केवळ ५४ टक्केच जिंकले. हे कसे शक्य आहे? समजा, एखादा खेळाडू प्रत्येक गुण ५४ टक्के शक्यतेने जिंकतो. हिशेबाच्या सोयीसाठी सर्व्हिस कोणाची हा भेद सोडून देऊ. मग तो सुमारे ६० टक्के गेम, ७६ टक्के सेट आणि तीन सेटचे ८६ टक्के सामने जिंकेल. प्रत्येक पायरीवर छोटीशी आघाडी मोठी होत जाते. याचा दुसरा अर्थ असा, की इतका थोर खेळाडूही शंभरपैकी ४६ गुण हरत होता. हरलेला गुण तेथेच सोडून पुढच्या गुणाला उभे राहणे, ही या खेळात रोजची गरज आहे.

आणि कधीकधी गुणांची बेरीज एका बाजूला व सामना दुसऱ्या बाजूला, असेही होते. २०१९ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले, नोव्हाक जोकोविचने २०४. पाचव्या सेटमध्ये ८-७ आणि ४०-१५ असे असताना फेडररच्या हाती विजयाचे दोन गुण होते. ते दोन्ही गेले आणि सामना जोकोविचने जिंकला. त्या दिवशी झालेले तिन्ही टायब्रेक जोकोविचनेच घेतले होते. गुण किती मिळाले यापेक्षा कोणते मिळाले, याला तेथे महत्त्व आले.

शरीराची जुनी सवय

धोका समोर दिसला की आपल्या शरीरात एक यंत्रणा आपोआप सुरू होते. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून अॅड्रिनलीन हे संप्रेरक रक्तात येते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद आणि उथळ होतो, त्वचेकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावून हात गार पडतात, तळव्यांना घाम फुटतो. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि ते ताठ होतात. पळून जाण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तम आहे. आपल्या पूर्वजांना वाघ-लांडग्यांपासून वाचताना तिचा उपयोगच झाला. पण टेनिसचा फटका म्हणजे नुसती ताकद नव्हे. खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांची नाजूक जुळणी तेथे हवी असते. ताठ झालेल्या स्नायूंकडून आणि कापणाऱ्या बोटांकडून ती होत नाही.

मग खेळाडूने अगदी निर्विकार राहावे काय? तसेही नाही. १९०८ मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काळी आणि पांढरी अशा दोन पेट्यांपैकी योग्य पेटी निवडायला उंदरांना शिकवायचे होते. चुकीची निवडली तर विजेचा हलका धक्का बसे. दोन पेट्यांतील फरक स्पष्ट असेल तेव्हा धक्का जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकत. पण फरक सूक्ष्म असला, म्हणजे काम अवघड असले, की मध्यम धक्काच सर्वांत उपयोगी ठरे. फार जोराच्या धक्क्याने शिकणे मंदावे. उंदरांवरून माणसांविषयीचे निष्कर्ष जपूनच काढायला हवेत. तरीही ढोबळ मानाने हे आपल्या अनुभवाशी जुळते. थोडी धाकधूक माणसाला जागे ठेवते. अति झाली की कामच बिघडते. आणि काम जितके नाजूक, तितकी ती लवकर ‘अति’ होते. वजन उचलणाऱ्याला चालेल तेवढी उत्तेजना सर्व्हिस करणाऱ्याला चालत नाही.

विचार करायला वेळच नसतो

ताशी २०० किलोमीटर वेगाने सर्व्हिस केलेला चेंडू सेकंदाला सुमारे ५५ मीटर जातो. कोर्टची लांबी २३.७७ मीटर. चेंडूचा वेग मुळीच कमी झाला नाही असे धरले तर तो ०.४३ सेकंदात पलीकडे पोहोचेल. हवेच्या अवरोधामुळे आणि टप्पा पडल्यामुळे वेग घटतो. तरी परतवणाऱ्याला जेमतेम अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ मिळतो. डोळ्याला काही दिसल्यापासून हात हलायला लागेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात. उरलेल्या वेळात जागा घेणे, रॅकेट मागे नेणे आणि फटका मारणे आले. ‘आता चेंडू डावीकडे येतोय, म्हणून खांदा वळवूया’ असे वाक्य मनात म्हणेपर्यंत चेंडू मागच्या भिंतीवर आदळलेला असेल.

याचा अर्थ असा की कसलेला खेळाडू फटका ‘विचार करून’ मारत नाही. हजारो वेळा केलेली हालचाल मेंदूत एका वेगळ्या प्रकारे साठवलेली असते. नवीन कौशल्य शिकताना मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे अग्रखंडाला, बरेच काम पडते. प्रत्येक पायरी लक्षपूर्वक करावी लागते. सराव वाढत जातो तसतसा तो भार हलका होतो आणि हालचालीचे नियंत्रण बहुतांशी लहान मेंदू व मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रे यांच्याकडे जाते. सायकल शिकणारे मूल आणि सायकलवरून गप्पा मारत जाणारा दूधवाला यांत हाच फरक आहे. दूधवाल्याला तोल कसा सांभाळतोस, असे विचारले तर त्याला धड सांगताही येणार नाही.

लक्ष दिल्याने बिघडते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. महत्त्वाच्या क्षणी आपण स्वतःला काय बजावतो? ‘आता नीट लक्ष दे.’ वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण लक्ष कशाकडे द्यायचे?

१९८४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी एक साधा खेळ वापरून याचा अभ्यास केला. दोन दांड्या हातांनी हलवून त्यांवरून एक चेंडू पुढे सरकवायचा आणि ठरावीक खाचेत पाडायचा, असा तो खेळ होता. काहींना चेंडूकडे लक्ष द्यायला सांगितले, तर काहींना स्वतःच्या हातांकडे. हातांकडे लक्ष देणाऱ्यांची कामगिरी खालावली. बाउमायस्टर यांचे म्हणणे असे, की दडपणाखाली माणूस स्वतःकडे पाहू लागतो. आपोआप चाललेल्या हालचालीवर तो देखरेख करू लागतो आणि तेथेच तिचा ओघ तुटतो.

२००२ मध्ये सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या अनुभवी व नवशिक्या खेळाडूंना अडथळ्यांमधून चेंडू नेण्यास सांगितले. एकदा त्यांना चेंडूला पायाची कोणती बाजू लागली हे सांगावे लागे. दुसऱ्या वेळी कानावर पडणाऱ्या शब्दांतून एक विशिष्ट शब्द ओळखावा लागे. नवशिक्यांना पायाकडे लक्ष दिल्याचा फायदा झाला. अनुभवी खेळाडू मात्र सवयीच्या पायाने खेळताना उलटे वागले: पायाकडे लक्ष दिल्यावर ते मंदावले, शब्दांकडे लक्ष असताना ते चांगले खेळले. त्याच अनुभवी खेळाडूंना सवय नसलेल्या पायाने खेळायला लावले, तेव्हा त्यांचे वागणे नवशिक्यांसारखे झाले. म्हणजे लक्ष देणे चांगले की वाईट, हे कौशल्य किती मुरले आहे त्यावर ठरते.

संशोधक रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये आणखी एक प्रश्न विचारला. हालचालीचे नियम ज्याला मुळात शब्दांत माहीतच नाहीत, तो दडपणाखाली कशावर देखरेख करणार? त्यांनी एका गटाला गोल्फचा हलका फटका नियम सांगून शिकवला. दुसऱ्या गटाला नियम न सांगता, आणि सराव करताना तोंडाने मनाला येतील ती अक्षरे उच्चारायला लावून, शिकवला. जेणेकरून नियम बनवायला मन मोकळेच राहू नये. मग पैसे व परीक्षक यांचे दडपण आणले. नियम पाठ असलेल्या गटाची प्रगती थांबली. दुसऱ्या गटाची चालू राहिली.

टेनिसच्या दुसऱ्या सर्व्हिसमध्ये हे प्रत्यक्ष दिसते. पहिली सर्व्हिस चुकल्यावर दुसरी जाळीवरून जाऊन चौकोनात पडलीच पाहिजे. त्यासाठी चेंडूला पुढच्या बाजूला गरगर फिरकी द्यायची असते. अशा फिरकीमुळे हवेचा दाब चेंडूला खाली ढकलतो, म्हणून तो जाळीवरून उंच जाऊनही चौकोनातच उतरतो. फिरकी मिळण्यासाठी रॅकेट वेगाने फिरायला हवी. पण घाबरलेला खेळाडू काय करतो? ‘जपून’ मारतो. मनगट आवळतो, रॅकेटचा वेग कमी करतो. फिरकी घटते आणि चेंडू खाली न येता रेषेबाहेर जातो, किंवा फटकाच लुळा पडून जाळीत जातो. सावधगिरीनेच चूक घडते.

माकड आणि औषध

औषध घेताना माकडाची आठवण होऊ द्यायची नाही, नाहीतर गुण येणार नाही, असे बजावणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. औषधाची पुडी उघडली की पहिले माकडच आठवते! १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत नेली. फक्त माकडाच्या जागी पांढरे अस्वल होते. अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे सांगितलेल्या लोकांनी पाच मिनिटांत पुन्हा पुन्हा घंटी वाजवली. पुढे विचाराची मुभा दिल्यावर तर त्यांच्या मनात अस्वल, आधी दाबून न ठेवणाऱ्यांपेक्षाही अधिक वेळा आले. एखादा विचार टाळायचा तर तो आला का हे मनाला तपासत राहावे लागते आणि त्या तपासणीतच तो जागा राहतो. ‘डबल फॉल्ट करायचा नाही’ असे स्वतःला बजावणारा खेळाडू माकड आठवूनच औषध घेत असतो.

उपाय काय?

मन रिकामे ठेवता येत नाही. पण त्याला काय काम द्यायचे हे ठरवता येते. टिमोथी गॅलवे या टेनिस प्रशिक्षकाने १९७४ च्या आपल्या पुस्तकात एक सोपी युक्ती दिली आहे. चेंडूचा टप्पा पडताच एक शब्द उच्चारायचा आणि तो रॅकेटवर आला की दुसरा. बोलण्याचे काम मिळाल्याने मन हाताला सूचना देत नाही आणि नजर चेंडूवर राहते. बायलॉक यांच्या प्रयोगातील शब्द ओळखण्याच्या कामाशी याचे साम्य वाचकांच्या लक्षात आले असेलच.

जिम लोअर या क्रीडामानसशास्त्रज्ञाने दोन गुणांच्या मधल्या वेळाकडे लक्ष वेधले. त्याने या वेळाचे चार भाग सुचवले: गुण संपताच ताठ चालीने वळणे, मग श्वास सावकाश सोडून स्नायू सैल करणे, नंतर पुढचा गुण कसा खेळायचा ते ठरवणे, आणि शेवटी चेंडू ठरावीक वेळा आपटण्यासारखा नेहमीचा परिपाठ. राफाएल नदाल पाण्याच्या बाटल्या काटेकोर ओळीत मांडत असे, तर मारिया शारापोव्हा कोर्टकडे पाठ करून रॅकेटच्या तारा सारख्या करत असे. पाहणाऱ्याला हे विक्षिप्तपणाचे वाटते. पण प्रत्येक गुणाआधी तेच तेच केल्याने ३०-४० चा गुण ४०-० च्या गुणासारखा वाटू लागतो, हा त्यातला लाभ. सावकाश श्वास सोडण्यालाही शरीरशास्त्राचा आधार आहे. उच्छ्वासाच्या वेळी प्राणेशा चेतेचा हृदयावरील लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. हृदयाला थेट आज्ञा देता येत नाही. श्वासाला देता येते.

तिसरा उपाय म्हणजे दडपणाचाच सराव. रिकाम्या कोर्टवर शंभर सर्व्हिस मारणे वेगळे आणि चार जण पाहत असताना, चुकल्यास काहीतरी गमवावे लागणार असताना, दहा मारणे वेगळे. शरीराला ती अवस्था ओळखीची झाली की तिचे भय कमी होते.

थोडे सावधपणे

प्रत्येक पराभवामागे मन शोधण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. फ्रँक क्लासेन आणि यान माग्नुस या दोन संशोधकांनी १९९२ ते १९९५ या काळातील विंबल्डनच्या एकेरी सामन्यांतील जवळजवळ ९०,००० गुण तपासले. मागचा गुण जिंकला असेल तर पुढचा जिंकण्याची शक्यता किंचित वाढते, महत्त्वाचे गुण जिंकणे सर्व्हिस करणाऱ्याला थोडे जड जाते आणि बलवान खेळाडूंमध्ये हे परिणाम कमी दिसतात, असे त्यांना आढळले. म्हणजे मनाचा परिणाम आहे, पण तो लहान आहे. बाकी कसब, दमसास आणि थोडे नशीब. समोरचा खेळाडू उत्तम खेळला म्हणूनही माणूस हरतो, हे आपण विसरतो.

दुसरी सावधगिरी याहून महत्त्वाची. सामन्याआधीची धाकधूक आणि चिंतेचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ च्या अमेरिकन स्पर्धेत मार्डी फिशने चौथ्या फेरीचा सामना चिंताविकारामुळे सोडून दिला. २०२१ मध्ये नाओमी ओसाकाने फ्रेंच स्पर्धेतून माघार घेतली आणि २०१८ पासून आपल्याला नैराश्याच्या दीर्घ काळांतून जावे लागले, असे उघडपणे सांगितले. अशा वेळी श्वासाचे व्यायाम किंवा ‘मन घट्ट कर’ असा उपदेश पुरत नाही; डॉक्टरांची मदत घ्यावी लागते. वर्गातल्या एखाद्या मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, ते शाळेत यायलाच भीत असेल, तर ती परीक्षेची नेहमीची भीती नव्हे, हे शिक्षकानेच प्रथम ओळखायचे असते.

आपल्या वर्गासाठी

परीक्षेत गणित अडते ते मात्र थोड्या वेगळ्या कारणाने. तेथे हालचाल नाही, विचारच करायचा असतो. त्यासाठी लागणारी मनातील तात्पुरती जागा काळजीनेच व्यापली की आकडेमोडीला जागा उरत नाही. बायलॉक व थॉमस कार यांना २००५ मध्ये असे आढळले की ज्यांची ही जागा मोठी, म्हणजे जे एरवी अधिक हुशार, त्यांचेच दडपणाखाली अधिक नुकसान होते. २०११ मध्ये, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली काळजी कागदावर लिहून काढल्याने घाबरट विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि गाजला. परंतु २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. म्हणून झटपट उपायांपेक्षा परीक्षेसारख्या वातावरणात वरचेवर छोटा सराव घेणे, आणि प्रत्येक चाचणीला आयुष्याच्या निकालाचे वजन न देणे, हेच आम्हाला अधिक भरवशाचे वाटते. ‘हा पेपर म्हणजे सर्वस्व’ असे सांगून आपणच ४०-० चा गुण ३०-४० चा करून ठेवत असतो.

वर्गात करून पाहण्यासारखे तीन प्रयोग येथे देतो.

१. विद्यार्थ्यांना नेहमीसारखी पाच वेळा सही करायला सांगा. मग पुन्हा पाच वेळा, पण या खेपेस पेन कोठे वळते, कोठे उचलले जाते याकडे बारीक लक्ष देऊन. दोन्ही सह्यांची तुलना करा.

२. एकाने पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटे उघडी ठेवावीत. न सांगता पट्टी सोडल्यावर ती किती सेंटिमीटरवर पकडली ते पाहा. १५ सेंटिमीटरला ०.१७ सेकंद, २० ला ०.२० सेकंद आणि २५ ला ०.२३ सेकंद असा प्रतिसादाचा काळ येतो. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रावरून हे आकडे मुलांकडून काढून घ्या.

३. पिशवीत सहा लाल आणि चार पांढऱ्या गोट्या ठेवा. एक गोटी काढून पाहायची आणि परत टाकायची. लाल निघाली तर गुण सर्व्हिस करणाऱ्याचा. असे ५० गेम खेळा. त्यांपैकी ३७ च्या आसपास गेम सर्व्हिस करणाऱ्याचे होतील. मग ४०-० पासून आणि ३०-४० पासून स्वतंत्रपणे सुरुवात करून निकाल ताडून पाहा. गोट्यांना भीती वाटत नाही. त्यामुळे हे निव्वळ गणित झाले. खऱ्या सामन्यात त्यात माणूस मिसळतो.

शेवटी नोव्होत्नाकडे परत येऊ. १९९५ च्या फ्रेंच स्पर्धेतही तिसऱ्या सेटमध्ये ५-० आणि ४०-० अशा आघाडीवरून ती हरली. वृत्तपत्रांनी तिच्यावर ‘कच खाणारी’ असा शिक्काच मारला. १९९७ मध्ये ती पुन्हा विंबल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि मार्टिना हिंगिसकडून हरली. १९९८ मध्ये ती तिसऱ्यांदा त्याच कोर्टवर अंतिम सामना खेळली. नाताली तोझियाला तिने ६-४, ७-६ असे हरवले आणि केंटच्या डचेसच्या हातून चषक घेतला. तेव्हा ती २९ वर्षांची होती. २०१७ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा जगाला तिचे अश्रू आठवले तसा तो चषकही आठवला.

ऐन वेळी हात आखडणे हा स्वभावाचा दोष नाही. शिकलेल्या कौशल्यावर भीतीची देखरेख बसली की जे घडते, त्याचे ते नाव आहे. वर्गात फळ्यापाशी अडखळलेल्या मुलाला ‘भित्रा’ म्हणण्याआधी आपण एवढे आठवले, तरी या अभ्यासाचे चीज होईल.